दारू सुटली, पण काही लक्षात राहत नाही: आजार की सोंग?

बालाघाटकर (अंबाजोगाई तालुका):
माझे थोरले बंधू अनेक वर्षे देशी दारू पीत होते. दिवाळीनंतर ते रुग्णालयात दाखल झाले आणि तेव्हापासून त्यांनी थेंबही घेतलेला नाही. मात्र सकाळचे त्यांना संध्याकाळी आठवत नाही. घराबाहेर पाऊल टाकलेले नसतानाही आपण परळीच्या बाजाराला जाऊन आलो, असे ते तपशिलासह सांगतात, आणि म्हशीला पेंड घातल्याचे विसरून पुन्हा घालतात. १९९३ च्या भूकंपाची हकीकत मात्र जशीच्या तशी सांगतात. चालताना पाय फाकतात. भावकीला वाटते की ते चोरून पितात, तर वहिनी याला सोंग म्हणतात. यात सुधारणा होते का?

निवृत्त परिचारिका, लातूर:
निदान डॉक्टरांनीच करावे, परंतु हे वर्णन कोर्साकॉफ विकाराशी जुळते. दारूमुळे आतड्यातून थायामिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, नीट शोषले जात नाही, त्यात पिणारा माणूस जेवतही नाही, आणि या अभावाने मेंदूतील स्मृतीशी निगडित भागांना इजा होते. त्याआधी बहुधा गोंधळ, डोळ्यांच्या हालचालीतील दोष आणि तोल जाणे अशी वेर्निके अवस्था येते. पण तिन्ही लक्षणे एकत्र क्वचितच दिसत असल्याने ‘प्यालेला आहे’ म्हणून रुग्णाकडे दुर्लक्ष होते. आपल्याकडे अशक्त माणसाला आधी ग्लुकोजचे सलाईन लावायची घाई असते. अशा रुग्णाला त्याआधी किंवा त्यासोबत थायामिनचे इंजेक्शन मिळणे आवश्यक असते, म्हणून दारूचा इतिहास डॉक्टरांपासून लपवू नये.

बाजाराची गोष्ट ते फसवण्यासाठी सांगत नाहीत. नवे साठत नाही, तेव्हा ती रिकामी जागा मेंदू जुन्या आठवणींनी भरतो, आणि सांगणाऱ्याला ते खरेच वाटते. दारू पूर्ण बंद राहिली, आहार व थायामिन चालू राहिले, तर अनेकांमध्ये सुधारणा दिसते, मात्र ती दोन-तीन वर्षांपर्यंत हळूहळू होते आणि काहींची स्मृती फारशी परतत नाही.

एक गृहिणी, परभणी:
आमच्या घरीही हेच आहे. वाद घातला की ते चिडतात, म्हणून ‘बाजार कसा होता?’ असे न विचारता मी विषय बदलते. पेंड घातली की घमेले पालथे ठेवायचे, औषधाच्या गोळ्या वारानुसार खणांच्या डबीत, आणि बँकेचे पासबुक माझ्याकडे. विहीर व विजेची मोटार यांच्याजवळ त्यांना एकटे सोडत नाही. तुमच्या वहिनींचा राग मला समजतो. वर्षानुवर्षे खोटे ऐकलेल्या बाईला आजचे खोटे वेगळे आहे, हे एका बैठकीत पटणार नाही.

मानसशास्त्राचा अभ्यासक, नांदेड:
हे वाचून कुणी पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू तोडायला जाऊ नये. रोज भरपूर पिणाऱ्याने ती एकाएकी बंद केल्यास फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. ते वैद्यकीय देखरेखीखालीच व्हावे. मानसोपचाराच्या सल्ल्यासाठी शासनाची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे, आणि ती काळजी घेणाऱ्यांसाठीही आहे.

बालाघाटकर:
डिस्चार्ज कार्डावर थायामिन आहे, परंतु गोळ्या संपल्यावर आम्ही पुन्हा आणल्याच नाहीत. सोमवारी कार्ड घेऊन अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयातील मानसोपचार विभागात जातो. वहिनींनाही सोबत नेतो.