'हवाई रुग्णवाहिका' म्हणजे विमान की हेलिकॉप्टर?

पेपरात 'हवाई रुग्णवाहिका' वाचलं आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जुंपली, निम्मे म्हणतात हेलिकॉप्टर, निम्मे म्हणतात विमान. मराठीत दोन्हीला एकच शब्द आहे का? जाणकारांनी सांगा प्लीज.

कलिनाकर: दोन्हीला तेच म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. आपल्याकडे एअर अँब्युलन्स म्हणजे बहुतेक वेळा छोटं विमान, आतल्या सीट काढून स्ट्रेचर, व्हेंटिलेटर, मॉनिटर बसवलेला, नागपूरच्या आयसीयूतून पेशंट उचलायचा आणि मुंबईच्या आयसीयूत आणायचा. म्हणजे आधीच अ‍ॅडमिट असलेल्या पेशंटचं शिफ्टिंग. त्यालाही दोन्ही टोकांना रस्त्यावरची गाडी लागतेच, विमान काय हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये उतरत नाही :) हायवेवर अपघात झाला नि वरून हेलिकॉप्टर आलं, हा प्रकार वेगळा. एम्स ऋषिकेशने 2024 मध्ये सुरू केलेली हेली अँब्युलन्स त्यातली.

जुहूची ताई: अजून एक शब्द घ्या, मेडिव्हॅक. बॉम्बे हायला, म्हणजे मुंबईजवळच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रात, रिगवर काम करणाऱ्यांच्या घरी हाच चालतो. तिकडे कोणी सिरियस झालं की हेलिकॉप्टरने जुहूला आणतात, घरच्यांना फोन येतो तो "मेडिव्हॅक केलंय" असाच, हवाई रुग्णवाहिका वगैरे कोणी म्हणत नाही.

कलिनाकर: बरोबर ताई, मेडिव्हॅक म्हणजे पेशंटला तिथून बाहेर काढणं, गाडी कुठली का असेना.

जुना वाचक: गंमत सांगतो, नेपोलियनच्या काळात लारे नावाच्या फ्रेंच सर्जनने जखमी सैनिक उचलायला ज्या गाड्या काढल्या त्यांना फ्रेंचमध्ये 'उडती अँब्युलन्स' म्हणत, होत्या मात्र घोडागाड्या! तेव्हा 'हवाई' शब्दावर फार भरवसा नको. आणि रुग्णवाहिका हा शब्द फक्त पेपरात नि गाडीच्या अंगावर लिहिलेला असतो, तोंडात कोणाच्या आलेला मी तरी ऐकला नाही.

परळची नर्स: फोनवर तर लोक "गाडी पाठवा" एवढंच म्हणतात हो काका. हॉस्पिटलमध्ये आम्ही 'कार्डिअ‍ॅक' म्हणतो, म्हणजे व्हेंटिलेटर आणि शॉक द्यायचं मशीन असलेली, मग पेशंट हार्टचा असो नसो. साध्या गाडीत ऑक्सिजन आणि स्ट्रेचर असतं. 108 ला दोन्ही प्रकारच्या गाड्या आहेत, पण त्यांना गाडीचं नाव नका सांगू, पेशंट शुद्धीवर आहे का, श्वास घेतोय का, आणि जवळची खूण सांगा, कुठली पाठवायची ते तेच ठरवतात.