मदत हवी आहे: मुलीचे 'क', 'र' आणि 'ळ' वयामुळे अडले आहेत की हा बोलीचा परिणाम आहे?

आमची मुलगी तीन वर्षे चार महिन्यांची आहे. आम्ही दोघेही मूळचे साताऱ्याचे, पण नोकरीमुळे रेवदंड्याजवळ राहतो आणि मुलगी दिवसभर कोळीवाड्यातील एका आजींकडे असते. ती भरपूर बोलते, चार-पाच शब्दांची वाक्ये करते आणि सांगितलेले सगळे तिला समजते. अडचण फक्त उच्चारांची आहे. त्यातही कोणता उच्चार वयामुळे वेगळा येतो आणि कोणता आजींच्या बोलीतून आला आहे, हे मला ठरवता येत नाही.

प, ब, म, त, द, न, ल हे वर्ण ती स्वच्छ उच्चारते. मात्र 'क'चा 'त' आणि 'ग'चा 'द' होतो, म्हणजे काका 'ताता' आणि गाय 'दाय'. खेकड्याचा 'थेतला' होतो आणि रावस 'लावस' होऊन ताटात येतो. पाण्याला ती 'पानी' आणि डोळ्याला 'डोला' म्हणते. पण तसे तर वाडीतली मोठी माणसेही म्हणतात. सर्वांत गुंतागुंतीचा शब्द 'शाळा', कारण त्याचा ती 'साला' करते. यातला 'ल' वाडीचा आणि 'स' वयाचा असावा, असा माझा अंदाज आहे. पाहुण्यांसमोर ती 'मला साला जायचंय' म्हणाली की सासूबाई माझ्याकडे पाहतात आणि मी खिडकीबाहेर पाहते.

सासूबाईंच्या मते तिच्या जिभेखालची तार आखूड आहे, तिला वेखंड उगाळून चाटवावे आणि कोळीवाड्यात ठेवणे बंद करावे. शेवटची सूचना मला मान्य नाही, कारण मुलीला आजींचा फार लळा आहे. पहिल्या दोन्हींबद्दल जाणकारांचे मत हवे आहे. गेल्या पावसाळ्यात तिचा कान दोनदा वाहिला होता, हेही नोंदवते. आणखी एक गोष्ट म्हणजे तिच्या बाबांनी गमतीने 'ताता' म्हटले की ती चिडून म्हणते, "ताता नाही, ताता!" याचा अर्थ काय घ्यावा?

प्रतिसाद

ताई, मी वाक्-उपचारतज्ज्ञ म्हणून रत्नागिरी जिल्ह्यात काम करते. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बरेचसे उत्तर त्यातच आहे. १९६० मध्ये जीन बर्को आणि रॉजर ब्राउन यांनी अशाच एका मुलाची नोंद केली होती. ते मूल माशाला 'फिश'ऐवजी 'फिस' म्हणे, पण मोठ्यांनी 'फिस' म्हटलेले त्याला चालत नसे. तुमच्या मुलीलाही 'क' आणि 'त' यांतला फरक ऐकू येतो, फक्त जीभ अजून तिथवर पोहोचत नाही. 'क' म्हणताना जिभेचा मागचा भाग वर उचलावा लागतो आणि लहान मुलांना टोक वापरणे सोपे जाते. ही सवय बहुधा साडेतीन-चार वर्षांपर्यंत सुटते. 'र'ला त्याहून वेळ लागतो, पाच-सहा वर्षेही लागू शकतात, म्हणून 'लावस'ची आज काळजी करू नये.

जिभेच्या तारेचा संशय मला पटत नाही. तार खरोखर अडवत असती, तर टोक वर न्यावे लागणारे त, द, न, ल हेच वर्ण आधी बिघडले असते आणि ते तर तिला उत्तम येतात. वेखंड चाटवू नका. त्याने जीभ 'क'पर्यंत पोहोचायला शिकत नाही.

'पानी' आणि 'डोला' हे दोष नाहीतच. ती जे ऐकते ते बरोबर म्हणते आहे. घरी तुम्ही 'पाणी' म्हणत राहा, म्हणजे ती दोन्ही रूपे शिकेल. तिला थांबवून पुन्हा म्हणायला लावू नका. ती 'दाय आली' म्हणाली, तर "हो, गाय आली, केवढी मोठी गाय!" एवढे पुरे.

कानाबद्दल मात्र चालढकल नको. पडद्यामागे पाणी साचले, तर मुलाला आवाज दबलेला ऐकू येतो आणि वरवर काहीच जाणवत नाही. त्यामुळे श्रवणचाचणी आधी करून घ्या. एक ढोबळ कसोटीही सांगते. अनोळखी माणसाला तिसऱ्या वर्षी मुलाचे सुमारे तीन-चतुर्थांश बोलणे कळावे आणि चौथ्या वर्षी जवळजवळ सगळे. चार पूर्ण झाल्यावरही 'ताता' कायम राहिले, तर थेरपी सुरू करावी. वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यांच्याकडेही नोंद करता येते.

मूळ धागाकर्ती

मनापासून आभार. पावसाळ्यात मांडव्याच्या लहान बोटी बंद असतात, त्यामुळे वांद्र्याआधी अलिबागला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे श्रवणचाचणी करून घेते. तारेचे तुमचे स्पष्टीकरण सासूबाईंना वाचून दाखवले. त्यांनी वेखंड डब्यात परत ठेवले आहे, पण डबा अजून ओट्यावरच आहे. चाचणीत काय निघाले ते इथे कळवते.