क्रूझवरची ग्रॅच्युइटी शेवटच्या रात्री काढून घेणं : बरोबर की चूक?

अनघा_कोथरूड

मे महिन्यात आम्ही नातेवाईक मिळून सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझला गेलो होतो. शेवटच्या रात्री आमच्यातल्या दोन कुटुंबांनी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन बिलातली ग्रॅच्युइटी काढायला लावली. त्यावरून सुरू झालेला वाद घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अजून मिटलेला नाही, म्हणून इथे मांडते.

ज्यांनी क्रूझ केलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तिकिटाचे पैसे भरल्यावरही प्रत्येक प्रवाशाच्या खात्यावर बोटीवर रोज टिप म्हणून एक ठरावीक रक्कम पडते, तीच ग्रॅच्युइटी. अमेरिकी कंपन्यांच्या साध्या खोल्यांसाठी ती हल्ली माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर आहे, स्वीटला, म्हणजे मोठ्या आलिशान खोलीला, त्याहून जास्त. अगदी तान्हं मूल सोडलं तर लहानांनाही तोच दर. १८ डॉलर धरले तर चौघांच्या कुटुंबाला चार रात्रींचे २८८ डॉलर होतात. डॉलर ८५ रुपयांना धरला तर साडेचोवीस हजार रुपये. बारमध्ये काही घेतलं की त्यावर १८ ते २० टक्के आणखी. रक्कम मोठी आहे, ते मी नाकारत नाही.

पण हे पैसे आपली खोली दिवसातून दोनदा आवरणारा केबिन स्टुअर्ड, वेटर, त्याचा असिस्टंट यांच्यात वाटले जातात. अनेक बोटींवर स्वयंपाकघर आणि लॉन्ड्रीतल्या लोकांनाही त्यातला वाटा असतो. त्यांचा मूळ पगार कमी ठेवलेला असतो आणि महिन्याची खरी कमाई या रकमेवर उभी असते. तिकीट स्वस्त दिसतं त्याचं एक कारण हेच, की पगाराचा एक तुकडा तिकिटाबाहेर ठेवलेला आहे. तो तुकडा सगळी सेवा घेऊन झाल्यावर काढून घ्यायचा, हे मला पटत नाही. कंपनीने तो तिकिटात घालावा आणि पगार म्हणून द्यावा असंच माझंही मत आहे. पण कंपनी तसं करत नाही तोवर त्याची किंमत स्टुअर्डने का मोजायची?

सडेतोड

साफ असहमत.

नोकराला पगार देणं मालकाचं काम आहे. मी तिकीट घेतलं तेव्हा कंपनीशी व्यवहार केला, तिच्या पगारपत्रकाशी नाही. आपल्याकडे हॉटेलं बिलात परस्पर सर्व्हिस चार्ज लावायची. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक तत्त्वं काढून ते बंद करायला सांगितलं. हॉटेलवाले कोर्टात गेले, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तीच गोष्ट समुद्रात गेल्यावर योग्य कशी ठरते?

आणि प्रवासी मुकाट्याने देत राहिले तर कंपनीने पगार का वाढवावा? गेल्या काही वर्षांत हे दर चढतच गेलेत. त्यातला किती वाटा कुणाला मिळाला, याचा हिशेब प्रवाशाला कुणी देत नाही.

हिशेबनीस

सडेतोड यांना +१, पण मी वेगळं करतो. बिलातली रक्कम काढून घेतो आणि आमच्या स्टुअर्डच्या, वेटरच्या हातात डॉलर ठेवतो. ज्याने काम केलं त्याला थेट मिळतात, मधल्या कुणाच्या खिशात जात नाहीत. यात कुणाचं नुकसान आहे?

अनघा_कोथरूड

सडेतोड, कोर्टाच्या निकालाबद्दल तुमचं म्हणणं मान्य, पण तो इथे लागू होत नाही. परदेशी क्रूझ जहाजं बहुधा बहामा, पनामा, बर्म्युडा, माल्टा अशा देशांच्या ध्वजाखाली नोंदलेली असतात आणि नोकरीला त्या ध्वजाचा कायदा लागतो. पुण्यातल्या हॉटेलातल्या वेटरसाठी इथला किमान वेतन कायदा आहे, कामगार आयुक्त आहेत. त्या केबिन स्टुअर्डने दाद मागायला कुठे जायचं?

तारवटी

मी पेडण्याचा. केबिन स्टुअर्ड म्हणून बोटीवर बरीच वर्षं काढली, आता घरी आहे. धागा वाचून राहवलं नाही.

आधी कामाचं सांगतो. कॉन्ट्रॅक्ट सात-आठ महिन्यांचं. त्यात आठवड्याची सुट्टी नाही, एकही नाही. २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार २०१३ पासून लागू झाला, भारतानेही तो २०१५ मध्ये स्वीकारला. त्यात ध्वजाच्या देशाला दोन पर्याय आहेत. एकतर आठवड्याला जास्तीत जास्त ७२ तास काम, नाहीतर कमीत कमी ७७ तास विश्रांती. दुसरा पर्याय घेतला की आठवड्याचे १६८ तास वजा ७७, म्हणजे ९१ तासांपर्यंत काम कागदावर बसतं. आम्ही रोजचे दहा-अकरा तास धरूनच चालायचो, दोन-तीन तुकड्यांत.

त्यात बोट मूळ बंदराला लागते तो दिवस वेगळाच. सकाळी जुने पाहुणे उतरतात आणि दुपारी नवे चढायला लागतात. मधल्या काही तासांत पंधरा-वीस केबिनच्या चादरी, टॉवेल, बाथरूम, बाल्कनीची काच, सगळं नव्यासारखं करायचं. एकट्याने होत नाही म्हणून असिस्टंट असतो, आणि ग्रॅच्युइटीत त्याचाही वाटा असतो. तो तुम्हाला कधी दिसत नाही. हिशेबनीस साहेब, तुम्ही माझ्या हातात वीस डॉलर ठेवलेत तर मला आनंद होईल, पण तुमचे टॉवेल खाली धुणाऱ्या पोरापर्यंत ते जात नाहीत. आणि काही कंपन्यांत नियम असा की ज्या केबिनने बिलातली रक्कम काढली, त्यांनी दिलेली रोख आम्ही पूलमध्ये, म्हणजे सगळ्यांत वाटायच्या सामाईक रकमेत, जमा करायची. कुठल्या केबिनने काढली याची यादी वरच्यांकडे असते. लपवली तर नोकरीवर येतं.

आणखी एक, कारण यावर लोक हमखास भांडतात. माझ्या कंपनीत किमान कमाईची हमी होती. ग्रॅच्युइटी कमी पडली तर त्या आकड्यापर्यंत कंपनी भर घालायची. हे ऐकून लोक म्हणतात, मग काढली तरी तुला काय फरक पडतो? फरक असा की हमीचा आकडा फार खालचा. घरी जी अलॉटमेंट जायची, पोरांची फी, घराचा हप्ता, ती सगळी हमीच्या वरच्या पैशांतून.

काउंटरवर रक्कम काढून जाताना शंभर-पाचशेची भारतीय नोट उशीखाली ठेवणारे पाहुणेही असतात. मनाने देतात, त्याबद्दल राग नाही. पण बोट कॅरिबियनमध्ये फिरत असेल तर ती नोट सुट्टीवर घरी येईपर्यंत ट्रंकेतच राहते.

सडेतोड

तारवटी, तुमच्या मेहनतीबद्दल मनापासून आदर आहे. पण तुम्ही जे लिहिलंत त्यातून माझाच मुद्दा पक्का होतो. हमीचा आकडा इतका खालचा ठेवायला कंपनीला परवडतं, कारण वरची भर प्रवाशाकडून येते याची तिला खात्री आहे. ही खात्री मोडली तरच आकडा वर जाईल.

न्यूजर्सीकर

सडेतोड, तुम्ही म्हणता तसं अमेरिकेत घडलेलं नाही. उदाहरण पुलमन कंपनीचं. यादवी युद्धानंतर या कंपनीने रेल्वेच्या स्लीपर डब्यांत पोर्टर म्हणून गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना मोठ्या संख्येने घेतलं. पगार तुटपुंजा, बाकी पोट प्रवाशांच्या टिपेवर. काही प्रवासी देत नव्हते म्हणून कंपनीने पगार वाढवला असं झालं नाही. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली पोर्टर्सची संघटना उभी राहिली, ती बारा वर्षं झगडली आणि १९३७ मध्ये कंपनीशी करार झाला. पगार वाढला, महिन्याचे तास २४० वर आले. हे संघटनेमुळे झालं.

आजही इथे टिप घेणाऱ्या कामगाराचं संघराज्याच्या कायद्याने ठरलेलं रोख किमान वेतन तासाला २ डॉलर १३ सेंट आहे, १९९१ पासून तेच. टिप न देणारे ग्राहक इतक्या वर्षांत कमी नव्हते. आकडा हलला नाही.

म्हणून मी ही पद्धत वाईट मानतो आणि तरीही पैसे देतो.

पेन्शनर_सातारा

मी निवृत्त शिक्षक. मुलांनी आग्रह केला म्हणून आम्ही दोघं आणि माझी बहीण एका ग्रुपबरोबर क्रूझला गेलो. टूरचे पैसे भरताना "सर्व समाविष्ट" असं ऐकलं होतं. बोटीवर शेवटच्या दिवशी बिल हातात आलं तेव्हा ग्रॅच्युइटी कळली. टूर मॅनेजर म्हणाला, ती समाविष्ट नाही, छापील अटींमध्ये लिहिलंय. आमच्याजवळ तेवढे डॉलर नव्हते. मुलाला मध्यरात्री फोन करून कार्डची व्यवस्था करावी लागली. बहिणीला तर रडू आलं.

मी रक्कम काढली नाही. पण ज्यांनी काढली त्यांना कोत्या मनाचे म्हणू नका, एवढीच विनंती. पेन्शनीतून वर्षभर बाजूला टाकून माणूस एक सहल करतो. त्याला अखेरच्या दिवशी असा आकडा दाखवणं हा त्याचा अपमान आहे. त्या मुलांनी आमचं फार प्रेमाने केलं. त्यांचे पैसे आमच्याकडून अशा पद्धतीने घेतले जावेत, हे त्या मुलांनाही आवडलं नसतं.

अनघा_कोथरूड

काका, तुम्हाला झालेला त्रास वाचून वाईट वाटलं. माझा राग अशा लोकांवर नाहीच. आमच्यातल्या ज्या दोन कुटुंबांनी रक्कम काढली त्यांना ती बुकिंगच्या वेळेपासून माहीत होती, आणि त्याच रात्री त्यांनी फोटोंचं मोठं पॅकेज घेतलं.

तुमच्यासारखी वेळ कुणावर येऊ नये म्हणून : पैसे भरण्याआधी एजंटकडून ईमेलवर उत्तर घ्या, ग्रॅच्युइटी धरली आहे का, किती रात्रींची, किती जणांची. ती आधीच भरता येते. आधी भरली की मध्ये दर वाढला तरी बहुतेक ठिकाणी जुनाच दर राहतो, आणि बोटीवरचं बिल पाहून धसका बसत नाही.

टेम्सकाठ

ब्रिटनमधून लिहितोय. इथे हा वाद बराचसा संपला आहे. पी अँड ओ क्रूझेसने मे २०१९ पासून रोजची सेवा-रक्कम वेगळी लावणं बंद करून ती भाड्यातच घेतली. मरेला या दुसऱ्या क्रूझ कंपनीच्या भाड्यातही टिप धरलेली असते. वर कुणाला खुशीने द्यायचं असेल तर तो देतो. बोटी भरून जातात, कंपन्या बुडाल्या नाहीत. म्हणजे अडचण व्यवहाराची नाही, कंपनीच्या इच्छेची आहे.

हिशेबनीस

इच्छा का नाही, त्याचं कारण जाहिरातीत आहे. भाडं जितकं कमी दिसेल तितके लोक क्लिक करतात. शिवाय एजंटचं कमिशन भाड्यावर मोजतात, ग्रॅच्युइटीवर नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून सक्तीचे सगळे आकार जाहिरातीतल्या किमतीत दाखवावे लागतात. त्यानंतर बंदराचे आकार किमतीत दिसू लागले, पण ग्रॅच्युइटी बाहेरच राहिली, कारण ती काउंटरवर जाऊन काढता येते, म्हणजे ऐच्छिक. आपल्याला दिलेला काढून घेण्याचा हक्क कंपनीच्याच सोयीचा आहे. हे लक्षात आल्यावर मला तो वापरावासा वाटेनासा झालाय. तारवटी यांनी लॉन्ड्रीबद्दल लिहिलं त्याचाही विचार करतोय. यापुढे बिलातली राहू देईन, आणि वर थोडं हातात.

सावंतवाडीची_मनी

माझा भाऊ आत्ता बोटीवर वेटर आहे. सीडीसी (नाविकाचं सरकारी ओळखपुस्तक), कोर्सेस, मेडिकल आणि वर एजंटला लाखांत पैसे. नाविकाकडून भरतीचे पैसे घ्यायला त्याच सागरी कराराने बंदी आहे, आपल्याकडे एजंटला सरकारी परवाना लागतो, तरी घेतात. पहिलं आख्खं कॉन्ट्रॅक्ट ते कर्ज फेडण्यात गेलं. "काढली तर कंपनीला धडा मिळेल" म्हणणाऱ्यांनी हेही डोळ्यांसमोर आणावं. धडा मिळेपर्यंतचं व्याज आम्ही भरतो.

सडेतोड

मनी ताई, तुमच्या भावाची फसवणूक एजंटने केली, पगार कंपनीने कमी दिला, आणि जाब मात्र प्रवाशाला. माझा आक्षेप इथेच आहे.

टेम्सकाठ यांनी दाखवलेला रस्ता मला मान्य. भाड्यात सगळं धरलेली बोट मिळाली तर चार हजार जास्त देऊनही मी तीच घेईन. नाही मिळाली तर काउंटरवर जायचा हक्क मी सोडणार नाही. शेवटी ती माझ्या खात्यावरची रक्कम आहे.

तारवटी

हक्क तुमचाच, सडेतोड. मग एवढं करा. काढायची असेल तर पहिल्या दिवशीच जाऊन काढा, शेवटच्या रात्री नको. तुम्ही सेवा पूर्ण घेता ती रक्कम खात्यावर आहे म्हणून. मुलांसाठी टॉवेलचा हत्ती करून ठेवणारा, रात्री अकराला जादा उशी आणून देणारा माणूस ते पैसे येतील असं धरून राबत असतो. पहिल्या दिवशी काढलीत तरी तो तुमची खोली आवरेलच, नोकरी आहे. पण त्याला माहीत तरी असेल.

सडेतोड

मान्य. तत्त्व म्हणून काढायची तर ती उघडपणे काढायला हवी. पहिल्या दिवशी काढीन, काउंटरवर कारण लेखी देईन, आणि तेच पत्र कंपनीच्या मुख्य कार्यालयालाही पाठवीन. स्टुअर्डला मी स्वतः सांगेन.

सावंतवाडीची_मनी

त्याला सांगाल तेव्हा त्याचं म्हणणंही ऐकून घ्या, आणि ते इथे लिहा.