फुकट ऑनलाइन कोर्सचं सर्टिफिकेट कसं काढायचं? (अर्जंट)

ऐरोलीकर_बाबा: मुलाने पायथनचा (कोडिंगची भाषा) फुकट ऑनलाइन कोर्स केला. सगळे व्हिडिओ बघून झाले, पण सर्टिफिकेटचं बटण दाबलं की पैसे मागतात. कॉलेजात शुक्रवारपर्यंत द्यायचंय. जाणकारांनी लवकर सांगा, उगाच लेक्चर नको.

घणसोलीची_पोर: काका, कुठल्या साइटवर केला?

ऐरोलीकर_बाबा: अहो ऑनलाइनच. परदेशी युनिव्हर्सिटीचा आहे.

नेरुळ_पूर्व: तिकडे फुकट म्हणजे बहुतेक वेळा फक्त व्हिडिओ फुकट. गुणांच्या असाइनमेंट नि सर्टिफिकेट पैसे भरल्यावर. कोर्सेराची साइट असेल तर फायनान्शियल एडचा, म्हणजे फीत सवलतीचा, अर्ज करा. भाचीला मिळाली होती.

घणसोलीची_पोर: त्याचं उत्तर यायला पंधरवडा जाऊ शकतो. शुक्रवारी काय देणार? आणि काका, कॉलेजला सर्टिफिकेट हवंय की क्रेडिट?

ऐरोलीकर_बाबा: दोन्हीत फरक काय?

ठाणे_पश्चिम: म्हणून म्हणतो, सरळ क्लास लावा. समोर मास्तर असला की पोरगं बसतं. हार्वर्ड-एमआयटीच्या ऑनलाइन कोर्सना २०१७-१८ मध्ये नाव घातलेल्या १०० जणांत जेमतेम ३ जणांनी कोर्स पूर्ण केला.

नेरुळ_पूर्व: अर्धाच आकडा सांगू नका. सर्टिफिकेटसाठी पैसे भरलेल्यांत तेच प्रमाण ४६ टक्के होतं. डोकावून जाणारेही मोजले की ३ च दिसणार.

ठाणे_पश्चिम: म्हणजे पैसे भरले तेच टिकले. मग फुकटचं कौतुक कशाला?

डिजिटल_आजोबा: लॅपटॉप घेताना १६ जीबी रॅम बघून घ्या.

ऐरोलीकर_बाबा: लॅपटॉप आहे हो.

कळवा_लोकल: ऐरोलीहून ठाण्याला क्लासला? ट्रान्सहार्बर लोकलची संध्याकाळची गर्दी बघितलीय का? मध्ये दिघा गाव स्टेशन झालं, गर्दी तेवढीच.

घणसोलीची_पोर: मुद्द्यावर या ना. सर्टिफिकेट म्हणजे कोर्स केल्याचा कागद, क्रेडिट म्हणजे तो कोर्स डिग्रीत धरला जाणं. क्रेडिट हवं असेल तर स्वयम्, म्हणजे सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत कोर्स तिथून करता येतात, पण तो कोर्स कॉलेजने आधी मान्य केलेला लागतो. मी तिथेच एनपीटीईएलचा (आयआयटीवाल्यांचे कोर्स) केलाय. शिकणं फुकट, परीक्षेची फी वेगळी, पेपर केंद्रावर जाऊनच. १२ आठवड्यांच्या कोर्सला सर्वात चांगल्या ८ असाइनमेंटची सरासरी धरतात, त्याचे २५ गुण आणि परीक्षेचे ७५. त्या २५ पैकी १० नसतील तर पेपर कितीही भारी जाऊदे, सर्टिफिकेट नाही. आणि दर आठवड्याची तारीख चुकली की ती असाइनमेंट गेली.

वाशीची_वहिनी: इंग्रजी जड जात असेल तर आयआयटी मुंबईची स्पोकन ट्युटोरियल बघा भाऊ. मराठीतही आहेत.

ऐरोलीकर_बाबा: इंग्रजीचा प्रश्नच नाहीये, वहिनी. आत्ता मुलाला फोन केला. क्रेडिटच हवंय म्हणतो. कॉलेजची नोटीस आहे कुठेतरी व्हॉट्सॲपवर.

घणसोलीची_पोर: नोटिशीत कोर्सचा कोड दिलाय का बघा. स्वयम्चाच हवा असेल तर शुक्रवार विसरा. सत्रं जानेवारीत आणि जुलैत सुरू होतात, पुढच्याला नाव घाला. सेमिस्टर कितवं आहे?

ऐरोलीकर_बाबा: बीएस्सी आयटी.