शब्दचर्चा: ‘उपस्थिती’, ‘सान्निध्य’ की साधं ‘देवापाशी’?

प्रश्न (शिरोली, कोल्हापूर)

सर्वांना सलाम. येत्या गुरुवारी आमच्या गल्लीतल्या घरगुती प्रार्थनासभेत मला दहा मिनिटं बोलायचंय. पाळकांनी, म्हणजे आमच्या मंडळीच्या धर्मगुरूंनी, विषय दिलाय: ‘दररोजच्या जीवनात देवाच्या उपस्थितीचा अनुभव आणि आत्मिक वाढ’. तयारीला बसलो आणि पहिल्याच शब्दाला अडलो. उपस्थिती म्हटलं की मला फौंड्रीतलं हजेरीकार्ड दिसतं. कुठं ‘समक्षता’ वाचायला मिळतं, कुठं ‘सान्निध्य’, गाण्यांत ‘सहवास’. हे सगळे एकच का? नसतील तर फरक काय?

दुसरं, मनातलं सांगतो. ‘अनुभव’ या शब्दाचंच मला दडपण येतं. बाकीचे साक्ष देताना सांगतात, रडू कोसळलं, अंगावर काटा आला. मी रात्रपाळी करून येतो, सकाळी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडतो आणि अर्ध्या अध्यायात डोळे मिटतात. मग मी वाढतोय की नाही, हे ओळखायचं कशावरून?

कसबा बावडा

हजेरीकार्ड आठवलं त्यात वावगं काही नाही. हजर, हजेरी आणि हुजूर हे तिन्ही एकाच अरबी धातूवरून आले. ‘हुजूर’चा मूळ अर्थच समक्षता. ज्याच्या समोर उभं राहायचं त्याला पुढं तेच नाव पडलं. आपल्या संस्थानी कोल्हापुरात हा शब्द घरोघरी माहीत होता. तेव्हा हजेरी म्हणजे नुसती सही नव्हे, कुणाच्या तरी पुढ्यात उभं असणं आहे.

शाहूपुरी

मी ३४ वर्षं शाळेत मराठी शिकवलं, म्हणून जरा लांबण लावते. चालवून घ्या.

उपस्थिती म्हणजे उप + स्था, जवळ उभं असणं. सान्निध्य म्हणजे सम् + नि + धा, अगदी शेजारी ठेवलेलं असणं. सहवास म्हणजे सोबत राहणं. समक्ष म्हणजे डोळ्यांपुढं, त्यात ‘अक्ष’ आहे. आता मूळ हिब्रू पाहा. तिथं यासाठी बहुतेक ठिकाणी ‘पानीम’ शब्द येतो आणि त्याचा साधा अर्थ चेहरा. स्तोत्र १६ मध्ये देवाच्या सान्निध्यात पूर्णानंद आहे असं आपण वाचतो, तिथं मुळात ‘तुझ्या चेहऱ्याजवळ’ असा भाव आहे. उपासनेच्या शेवटी पाळक हात उंचावून आशीर्वाद देतात, गणना ६ मधला, त्यात ‘मुखप्रकाश’ येतो. तो शब्द मूळाच्या सगळ्यांत जवळचा. वर्षानुवर्षं आपण तो डोळे मिटून ऐकतो, म्हणून त्यातलं मुख दिसत नाही.

म्हणजे चेहरा हवा असेल तर ‘उपस्थिती’ तोकडा पडतो. सभागृहात माणूस उपस्थित असतो आणि पाठ करून बसलेला असू शकतो. शिवाय देव सर्वत्र आहे हे आपण मानतोच. मग त्याची उपस्थिती सोमवारी कमी आणि रविवारी जास्त असं होत नाही. कमीजास्त होतो तो आपला सहवास. ‘देवाची उपस्थिती वाढली’ हे वाक्य मला म्हणूनच खटकतं. ‘देवाशी सहवास वाढला’ हे बरोबर.

पण गुरुवारी तुम्ही ज्यांच्यापुढं बोलणार, त्यांच्यात धुणीभांडी करणाऱ्या बायका असतील, ऊसतोडीला जाऊन आलेली माणसं असतील. त्यांच्यासाठी मी तिसराच शब्द सुचवते, आणि तो माझा नाही, माझ्या आजीचा आहे.

आजी जुन्या कोल्हापूरच्या बायकांसारखी बोलायची, ‘मी आलो’, ‘मी जातो’. पहाटे चूल पेटायच्या आधी ती पाटावर बसायची. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथं दोरा बांधून कानाला अडकवलेला. शास्त्र एका जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं असायचं. ते उलगडायला, मांडीवर नीट धरायला तिला वेळ लागायचा, आणि मी लहान, मला भूक लागलेली. मी हाक मारली की ती मान न वळवता म्हणायची, ‘थांब पोरी, देवापाशी बसलोय.’ प्रार्थना करतोय, वाचन करतोय असं ती कधी म्हणाली नाही. देवापाशी बसलोय, एवढंच.

‘पाशी’ आला ‘पार्श्व’ या संस्कृत शब्दावरून. पार्श्व म्हणजे कूस, बरगडीची बाजू. देवापाशी म्हणजे शब्दशः देवाच्या कुशीला. योहानाच्या १३व्या अध्यायात येशूच्या उराशी टेकून जेवायला बसलेला शिष्य आठवा. आणि आता ‘उपासना’ फोडून बघा: उप + आस्. आस् म्हणजे बसणे. जवळ बसणं. रविवारी सकाळी आपण ज्याला उपासना म्हणतो, तेच आजी पाटावर बसून मराठीत म्हणत होती. ही फोड मला कळली तेव्हा मी बी.ए.च्या वर्गात होते आणि आजी जाऊन चार वर्षं झाली होती. तिला सांगायचं राहून गेलं, याची हळहळ अजून आहे.

पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणायला आयुष्याची शेवटची वर्षं घातली, ती भाषा साध्या बाईला कळावी म्हणूनच. १९२२ साली त्या गेल्या, तोवर काम हातावेगळं केलं होतं. जड शब्द टाळणं म्हणजे अर्थ पातळ करणं नव्हे, हे त्यांच्याकडून शिकावं.

प्रश्नकर्ता

ताई, ‘देवापाशी’ लिहून घेतला. पण अनुभवाचं काय?

शाहूपुरी

अनुभव म्हणजे अनु + भू. ‘अनु’ म्हणजे मागून, पाठोपाठ. अनुयायी, अनुवाद यांतला तोच. मला यात मोठा दिलासा वाटतो. याकोब दगड उशाला घेऊन झोपला, उठल्यावर म्हणाला की परमेश्वर या ठिकाणी आहे आणि मला ते कळलं नव्हतं. अम्माऊसच्या वाटेवर दोघे शिष्य येशूबरोबर मैलोन्‌मैल चालले, बोलले. अंतःकरण पेटलं होतं हे त्यांच्या ध्यानात कधी आलं? भाकर मोडून तो दिसेनासा झाल्यावर. त्या वाटेवर तो सोबत नव्हता असं कुणी म्हणेल का? काटा येणं ही देणगी आहे, ज्यांना मिळते त्यांनी जरूर साक्ष द्यावी. पण काटा आला नाही म्हणून तो पाशी नव्हता, हा हिशेब शास्त्रात मला कुठं सापडत नाही. रात्रपाळीहून येऊन, पेंगत का होईना, तुम्ही पुस्तक उघडता. पेंगणारं लेकरू आईपाशीच असतं.

तासगावकडचा, आता राजारामपुरीत

वाढीबद्दल मी बोलतो, कारण बागेत वाढलोय. योहान १५ मध्ये द्राक्षवेल आणि फाटे आहेत. आमच्याकडं फाटा कुणी म्हणत नाही, काडी म्हणतात. बागायतदाराला नुसती वाढ नको असते. शेंडा जोरात चालला की आम्ही तो मारतो, नाहीतर वेल पानांतच सगळी ताकद घालवतो.

आमच्याकडं वर्षात दोन छाटण्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी. खरड छाटणी झालेली बाग नवख्या माणसानं बघितली तर त्याला वाटेल कुणीतरी सूड उगवला. एखाद-दुसरा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, राखून सगळं उतरवलेलं, बोडके ओलांडे, म्हणजे वेलीचे आडवे हात, उन्हात उभे. पण पुढच्या दोन महिन्यांत नव्या काडीच्या डोळ्यात घड तयार होतो. वरून काही दिसत नाही. ऑक्टोबरात छाटून डोळा फुटेपर्यंत मालकालाही खात्री नसते. तेव्हा भावा, तुझी एप्रिलची बाग बघून ऑक्टोबरचा अंदाज करू नकोस.

एक शंका मलाही आहे. मराठी शास्त्रात तिथं ‘छाटतो’ नाही, ‘साफसूफ करतो’ आहे. छाटणीला साफसूफ कसं काय म्हटलं?

शाहूपुरी

फार चांगलं विचारलंत. मूळ ग्रीक क्रियापद ‘काथाइरो’, म्हणजे स्वच्छ करणे. आणि लगेच पुढच्या ओळीत येशू म्हणतो, माझ्या वचनामुळं तुम्ही आताच शुद्ध आहात, तिथं ‘काथारोस’, त्याच धातूचा शब्द. भाषांतरकारांनी ‘छाटतो’ लिहिलं असतं तर हा सांधा तुटला असता. ‘साफसूफ’ कानाला घरगुती वाटतो, पण धागा त्यानंच राखलाय. माळी कात्री चालवतो ती कशानं, तर बोललेल्या वचनानं. सकाळचं वाचन मोडू नका, ते यासाठी.

त्याच अध्यायातला ‘राहा’ शब्दही बघा, ‘माझ्यामध्ये राहा’. ग्रीक ‘मेनो’. योहानाच्या पहिल्याच अध्यायात दोन शिष्य येशूला विचारतात, आपण कुठं राहता? तिथंही हेच क्रियापद. पत्ता विचारायला आलेली माणसं शेवटी त्याच्यातच राहायला शिकतात. मराठीत तर ‘राहणे’ला आणखी एक बळ आहे. ते दुसऱ्या क्रियापदाला जोडलं की सातत्य येतं: करत राहा, चालत राहा, मागत राहा. वस्ती आणि चिकाटी, दोन्ही एका शब्दात.

आणि वाढणे. ‘मूल वाढलं’ हे वाढणं आणि ‘आईनं वाढलं’ हे वाढणं. पहिलं अकर्मक, दुसरं सकर्मक, ताट समोर आल्याशिवाय पुरं न होणारं. परकरातल्या मुलीला पंगतीत मीठ-लिंबू वाढायला लावायचे, ती मोठी होत चालल्याची तीच खूण. आत्मिक वाढ मोजायचीच असेल तर मी हे दुसरं क्रियापद लावून बघते. या आठवड्यात मी कुणाच्या ताटात काही वाढलं का? शेजारच्या बाईंचं ऐकून घेतलं का, जिच्याशी अबोला होता तिच्याकडं गेले का? गलतीकरांस पत्रातलं आत्म्याचं फळ, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, हे सगळं दुसऱ्या माणसासमोरच दिसतं. एकट्यानं खोलीत बसून सहनशीलता कळत नाही. आणि आपल्याकडं नारळही ‘वाढवतात’, म्हणजे फोडतात. वेगळ्या रीतीतला शब्द आहे, पण गव्हाचा दाणा जमिनीत पडून मरतो तेव्हा पुष्कळ पीक येतं, हे वाचताना मला तो हटकून आठवतो.

कसबा बावडा

प्रश्नकर्त्याच्या फौंड्रीसाठी एक गोष्ट. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात लॉरेन्स नावाचा एक बंधू होता, १६९१ साली वारला. धर्मगुरू नव्हता. मठाच्या स्वयंपाकघरात राबायचा, उतारवयात मठातल्या चपला दुरुस्त करायचा. भांड्यांच्या खडखडाटातही तो देवाशी बोलत असायचा आणि प्रार्थनेची वेळ व कामाची वेळ यांत त्याला फरक उरला नव्हता. माझे वडील चपला शिवायचे. आरीनं भोक पाडायचं, वादी ओवायची, ओढायची. ओठ हलत असायचे. मला वाटायचं टाके मोजतायत. ते आम्हा भावंडांची नावं घेत होते, हे आईनं फार उशिरा सांगितलं.

प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. विषय बदलून ‘देवापाशी राहणं’ असा केला, पाळकांना विचारलं, त्यांनी आनंदानं हो म्हटलं.

काल रात्रपाळीला भट्टी तापेपर्यंत वीसेक मिनिटं मिळाली. एरवी मी तेव्हा मोबाईल बघतो. काल साच्यांच्या रांगेशेजारी खांबाला टेकून बसलो आणि म्हटलं, प्रभू, मी तुझ्यापाशी बसलोय. बाकी काही सुचलं नाही. मग ओतकामाची हाक आली, उठलो. नव्या पोराचा हात घाबरून थरथरत होता, त्याच्या शेजारी उभा राहिलो. एरवी ओरडलो असतो.

एक शेवटचं विचारतो. ‘देवाजवळ’ आणि ‘देवापाशी’ यांत फरक आहे का?

शाहूपुरी

आहे, बारीक. ‘जवळ’ला मोजमाप लागतं. आणखी जवळ ये, जरा जवळ सरक असं म्हणतो. ‘आणखी पाशी ये’ कुणी म्हणत नाही. पाशी म्हणजे पोचलेलं. याकोबाच्या पत्रात ‘देवाजवळ या, म्हणजे तो तुमच्याजवळ येईल’ असं आहे. तिथं दोन्हीकडून चालणं आहे, म्हणून तिथं ‘जवळ’च हवा.

दहा मिनिटांत दोन्ही बसतील. खांबापाशी बसल्याचं आधी सांगा, आणि त्या पोराचं सांगायला विसरू नका.