ऑनलाइनमुळे फायटिंग गेममधला एकट्याचा खेळ आटतोय का?

एकांडा:
'स्ट्रीट फायटर ५' फेब्रुवारी २०१६ मध्ये आला तेव्हा त्यात आर्केड मोडच (एकट्याने कॉम्प्युटरशी एकामागून एक लढती) नव्हता. जी मालिका आर्केडवर, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवर मोठी झाली, तिच्यात! तो मिळायला जानेवारी २०१८ उजाडला. सगळा जोर ऑनलाइन सामने आणि स्पर्धांवर. आता प्लेस्टेशनवरचा 'टेकन ३' आठवा. प्रत्येक पात्राचा वेगळा शेवट, शिवाय टेकन फोर्स, टेकन बॉल हे वेगळे मोड. एकेक शेवट बघायला मिळावा म्हणून मी एकेक पात्र शिकलो. ऑनलाइनने हे सगळं गिळलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

रोलबॅकप्रेमी:
साफ असहमत. 'मॉर्टल कॉम्बॅट: डिसेप्शन' २००४ चा. त्यात ऑनलाइनही होतं आणि कॉन्क्वेस्टसारखा लांबलचक एकट्याचा मोडही. आणि कॉम्प्युटरशी किती दिवस खेळणार? उडी मारून लाथ ही एकच चाल त्याच्यावर वीस वेळा चालते. माणूस ती दुसऱ्यांदा अडवतो, तिसऱ्यांदा तुम्हाला हवेतच झोडपतो. फायटिंग गेमचा खरा जीव तिथे आहे.

एकांडा:
मान्य, पण नवखा तिथवर टिकायला नको का? पहिलेच दहा सामने एकतर्फी हरला की तो कंट्रोलर ठेवून देतो.

खालून_पंच:
मला दोघांचंही अर्धंच पटतं. एकट्याच्या भागावर खर्च होतोय, पण तो भलतीकडे. 'गिल्टी गिअर स्ट्राइव्ह'ची कथा म्हणजे अख्खा चित्रपट, त्यात एकही लढत आपण लढत नाही. हा दोष ऑनलाइनच्या माथी कसा मारणार?

रोलबॅकप्रेमी:
अगदी! आणि नवख्यांचं म्हणाल तर 'स्ट्रीट फायटर ६' (२०२३) मधला वर्ल्ड टूर बघा. स्वतःचं पात्र बनवा, मालिकेतल्या जुन्या र्‍यू, चुन-लीकडून चाली शिका, भटका. 'टेकन ८' मधला आर्केड क्वेस्टही खेळता खेळता शिकवतो. ऑनलाइनला रोज नवी माणसं लागतात, म्हणूनच हे मोड परत आले.

एकांडा:
वर्ल्ड टूर मलाही मनापासून आवडला, तेवढा शब्द मागे घेतो. पण 'मॉर्टल कॉम्बॅट ११' मधला क्रिप्ट? एकट्यानेच हिंडायचं, पेट्या उघडायच्या, समोर दुसरा खेळाडू नाही, तरी इंटरनेट लागतं. सर्व्हर बंद झाला की त्या पेट्यांचं काय? 'टेकन ३' ची डिस्क मी आजही लावतो आणि सगळे शेवट दिसतात.

रोलबॅकप्रेमी:
या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने. क्रिप्टला इंटरनेट नकोच होतं.