फडाचे पाट : चालवणाऱ्यांनी लिहा

धुळे-नाशिकमध्ये पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून बंधारे घालून फड, म्हणजे एकेका पिकाचे जमिनीचे मोठे पट्टे, भिजवले जातात. बंधाऱ्यांचं कौतुक पुष्कळ झालं. पाट गावानं चालवायचा म्हणजे नेमकं काय, ते इथे लिहा.

पांझराकाठ : पावसाळा संपला की आधी पाटाचं तोंड मोकळं करायचं, सगळ्यात जास्त गाळ तिथेच बसतो. उपसलेला गाळ नदीकडच्या, म्हणजे खालच्या काठावर टाकून चोपायचा. चढाच्या बाजूला टाकलात तर पुढच्या पावसात तोच परत पाटात. खेकड्यांची बिळं बुजवताना वरून माती लोटून भागत नाही. बीळ खणून ओली चिकणमाती ठासावी लागते, नाहीतर तिथूनच काठ फुटतो. आणि सांडम विसरू नका. जादा पाणी नदीत परत सोडणारी ती वाट झुडपांनी बुजली की पाट भरून वाहतो.

बारेकरी : माणसं कोणती लागतात तेही सांगतो. पाटकरी पाटाचं पाणी सांभाळतो, बारेकरी शेतात पाणी भरतो, जागल्या पिकं राखतो, हवालदार या सगळ्यांवर. मोबदला बहुधा धान्यात. मुख्य गोष्ट, शेतकरी स्वतः दारं धरत नाही, म्हणजे पिकाला पाणी देत नाही. त्यामुळे रात्री बांध फोडून पाणी वळवायचा प्रश्नच कमी.

मोसमवाला : पण हे जमतं कशामुळे? गावाचं भिजणारं क्षेत्र साधारण तीन-चार फडांत वाटलेलं, एका फडात एकच पीक, आणि प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात. पाणी कमी असलं की एक फड अख्खा कोरडा ठेवायचा. तोटा सगळ्यांचा, म्हणून निर्णयाला विरोध नाही. वाटण्या आणि विक्रीत एखाद्याची जमीन एकाच फडात उरली की तो कोरडं राहायला का तयार होईल? माझ्या मते फड मोडायला वरची धरणं आणि विहिरी जितक्या कारणीभूत, तितकंच हेही.

नवशिक्या : मग उसाचा फड कायमचा एकच ठेवला तर? सोय नाही का?

बारेकरी : भाऊ, तसं करू नका. सतत ओल राहिली की जमीन चिबडते, क्षार वर येतात. उसानंतर त्या फडात कमी पाण्याचं पीक घ्या आणि ऊस दुसरीकडे न्या. शेजारच्या कोरड्या फडात पाझर जाऊ नये म्हणून मधली निचऱ्याची चारी खोल ठेवा.